पत्र्याखालचं वर्तमानपत्र

दिवाळीच्या आधी कपाट आवरताना एका जुन्या फायलीतून वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला तुकडा खाली पडला. कडा तांबूस झालेल्या, हात लावला की भुगा होणाऱ्या. सौ. म्हणाली, "आता तरी टाका हो तो." मी टाकला नाही. चौतीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण अव्वल दर्जाचं म्हणावं असं साधन माझ्या स्वतःच्या हाती एकदाच लागलं, ते हे. आणि तेही एका मोटारीच्या पोटात!

मोटारीचं वेड जुनं. लहानपणी आमच्या गावात एकच गाडी येई, डॉक्टरांची फियाट. त्या गाडीच्या धुळीमागे आम्ही पोरं पळत असू. मोठेपणी वाचनात आलं की ती मूळची इटलीतली, १९५३ सालची 'फियाट ११००'. आपल्याकडे ती बनली मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ साली काढली. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग ज्यांच्या खात्यावर आहेत असा हा मराठी मुलखातला माणूस. सत्तरच्या दशकात हीच गाडी 'पद्मिनी' झाली. परवाना-राज्य होतं. आज पैसे भरायचे आणि गाडी काही वर्षांनी मिळायची. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीही १९६४ मॉडेलची फियाट घेतली ती पंजाब नॅशनल बँकेचं पाच हजार रुपये कर्ज काढून. ते गेल्यावर ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून ते कर्ज फेडलं. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. सांगताना मनात मात्र गाडीच असे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

२००८ साली निवृत्त झालो. मुलीचं लग्न होऊन ती जळगावला, आम्ही दोघं धुळ्यात. ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे बाजूला होते. तोवर पद्मिनी बनणं बंद झालं होतं, म्हणजे घ्यायची तर जुनीच. जळगावच्या एका व्यापाऱ्याकडे १९९५ सालची एक मिळाली. पांढरी शुभ्र, मुंबईचा एमएच-०२ नंबर, किंमत अडतीस हजार. कागदपत्रं मी बारकाईने पाहिली. आर.सी. बुक, विमा, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं जुळत होतं. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला, त्या गावचा मी. अस्सल कागद असल्याशिवाय ते विश्वास ठेवत नसत, एवढं तर मला ठाऊक होतं. कागद अस्सलच होते. गाडीचं काय, ते पुढे कळलं.

गाडी तपासायला मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला नेलं. त्याचं जळगावात गॅरेज होतं. नाव सांगत नाही. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, चारी दारं आपटून पाहिली, वाकून खाली बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सर, एक नंबर गाडी आहे. डोळे मिटून घ्या." आम्ही खरंच डोळे मिटून घेतली. ती ४ ऑक्टोबरची तपासणी. दसऱ्याला, ९ तारखेला, गाडी दारात आली. सौ.ने तिला ओवाळलं.

पुढच्या जुलैत नातवाच्या बारशाला जळगावला निघालो. पारोळ्याच्या अलीकडे पावसाने गाठलं. थोड्या वेळाने सौ. म्हणाली, "अहो, माझे पाय भिजतायत." मी म्हटलं, खिडकीतून येत असेल. तर म्हणे, "खालून येतंय." गाडी बाजूला घेऊन रबरी मॅट उचलली. खालचा पत्रा बोटाने दाबला तर बोट आत गेलं, आणि भोकातून रस्त्यावरचं पाणी दिसलं. ती त्या पत्र्यावर पाय ठेवून नऊ महिने माझ्याशेजारी बसत होती.

धुळ्यात एका पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी दिली. वयस्कर माणूस. त्याने आधी कुठलंच इंजिन पाहिलं नाही. एक स्क्रूड्रायव्हर घेऊन तो गाडीखाली आडवा झाला आणि मुठीने ठिकठिकाणी ठोकत गेला. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बाहेर येऊन म्हणाला, "सर, हाऊ पत्रा नई शे, पापड शे."

मग त्याने मला शिकवलं आणि मी शिकलो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा. त्या पट्ट्या गेल्या म्हणजे माणसाच्या बरगड्या गेल्या. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज चढतो, त्यात मीठ असलं तर फारच वेगाने. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग आधी फुगतो आणि मग सुटतो. तो फुगवटा खरवडून, भोकात काहीबाही कोंबून, वर पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा आणि खालून जाड काळं डांबरी अस्तर द्यायचं. पाहणाऱ्याला वाटतं, वा, किती काळजी घेतली आहे! लोहचुंबक लावला असता तर पुट्टीवर चिकटला नसता. दोन रुपयांचा लोहचुंबक. आमच्या प्रयोगशाळेत डझनभर पडून होते.

मागचं आसन काढलं तर खाली राखाडी गाळाचा थर. मिस्त्री म्हणाला, गाडी पाण्यात बसलेली आहे. मला २६ जुलै २००५ आठवला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईत गाड्या छतापर्यंत बुडाल्या. ही त्यातलीच असेल का? असू शकेल. पण गाळावर तारीख नसते, आणि इतिहासाच्या शिक्षकाने अंदाजाला पुरावा म्हणू नये.

तारीख सापडली ती डाव्या पट्टीत. पुट्टी फोडल्यावर आतून कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा निघाला. मी तो हलक्या हाताने उलगडला. २७ सप्टेंबर २००८. जळगाव आवृत्ती.

नऊ महिने मी मनात मुंबईकरांना दोष देत होतो. आमचा खान्देशी माणूस साधा, फसवणारे तिकडचे, असं म्हणून मोकळा होत होतो. त्या कागदाने ते एका ओळीत खोडून काढलं. भोकं बुजवली गेली होती आमच्याच मुलखात, तपासणीच्या आधीच्या आठवड्यात. रंग ओला नसला तरी वास येत असणार. माझ्या विद्यार्थ्याला तो आला नसेल, हे मला अजूनही मानता येत नाही.

हा खेळ काही मोटारीबरोबर जन्माला आला नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात सांगून ठेवलंय की जुन्या वस्तू विकायच्या तर त्या आपल्याच आहेत हे विकणाऱ्याने आधी सिद्ध करावं. आमच्या तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणता घोड्याचे दात पाहिल्याशिवाय बोलीला हात लावत नाही. बैलबाजारातही जनावर आदत की दोनदाती, चारदाती की जुळलेलं, हे तोंड उघडून पाहतात. ब्रिटनने १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची चाचणी सुरू केली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची केली, पुढे तपासणी करूनच मुदत वाढते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी अधिकृत नोंदणी करावी हा नियम मात्र १ एप्रिल २०२३ ला लागू झाला. म्हणजे कौटिल्यानंतर बराच वेळ गेला म्हणायचा!

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं सोपं आहे. विकणाऱ्याला खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी किंमत देतो, मग चांगली गाडी असलेला बाजारातून निघून जातो आणि उरतात फक्त खोटी.

ते खरं आहे हे मी स्वतः पाहिलं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. मित्र म्हणाले, "परत पुट्टी मार आणि खपव. तुलाही कोणीतरी खपवलीच ना?" दोन रात्री माझ्या मनात तेच होतं, खोटं कशाला सांगू. मग एक गिऱ्हाईक आलं. मी त्याला मॅट उचलून सगळं दाखवलं. तो ऐकत राहिला आणि जाताना दारात सौ.ला म्हणाला, "मास्तर एवढं सांगतायत, म्हणजे न सांगितलेलं किती असेल!" शेवटी गाडी भंगारात गेली, सहा हजारांना.

त्या विद्यार्थ्यावर बरीच वर्षं राग होता. मग एक आठवण वर आली. ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेची वार्षिक तपासणी होती. आठवीच्या वर्गाची एक भिंत ओलीने कुजली होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं आणि मी त्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगला. हजेरीपट आदल्या रात्री भरले. दुसऱ्या शाळेतून मागून आणलेली उपकरणं कपाटात मांडली. हुशार मुलं पुढच्या बाकावर. साहेब खूश होऊन गेले. नकाशा टांगताना खालून स्टूल दोन मुलांनी धरलं होतं. त्यात हा होता का, मला आठवत नाही. वर्ग मात्र त्याचाच होता.

चार वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला, "सर, गाडी कशी आहे?" म्हणाला. मी म्हटलं, "विकली रे." त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण पुढचं काही बोललो नाही. बोलायचं होतं ते त्याच्याशी की माझ्याशी, हेच कळेना.

तुकडा पुन्हा फायलीत ठेवला आहे.