दुधाच्या दातांत उतरलेले शीतयुद्ध

डिसेंबर १९५८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरात मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. शाळा, वाचनालये आणि दंतवैद्यांचे दवाखाने यांमार्फत छापील कार्डे घरोघरी पोहोचत. मुलाचा जन्म केव्हा झाला, गरोदरपणात आई कोठे राहत होती, मुलाला अंगावरचे दूध मिळाले की बाटलीतले, एवढी माहिती आईने कार्डावर भरायची आणि सोबत दात पाठवायचा. पडलेला दात उशीखाली ठेवला की रात्री परी येऊन नाणे ठेवते, अशी तिकडे मुलांची समजूत. या मोहिमेत नाण्याऐवजी मिळे तो एक बिल्ला : ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’. १९७० पर्यंत असे सुमारे ३,२०,००० दात जमले.

या खटाटोपामागे महासत्तांची स्पर्धा होती. सोव्हिएत संघाने ऑगस्ट १९४९ मध्ये पहिला अणुस्फोट केला. जानेवारी १९५१ पासून अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात, म्हणजे स्वतःच्याच भूमीवर, चाचण्या सुरू केल्या. शाळांतून मुलांना बाकाखाली दडण्याची कवायत शिकवली जाऊ लागली. बाँब पडला तर काय करायचे, याची ही तयारी होती. परंतु बाँब न पडताही काही तरी घरात शिरत होते, आणि त्यावर बाकाचा उपाय नव्हता.

एप्रिल १९५३ मध्ये नेवाडातील एका स्फोटाचा ढग देश ओलांडून न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय परिसरावर वादळी पावसात उतरला. तेथील रेन्सेलर संस्थेत किरणोत्सार मोजणारी उपकरणे अचानक चढे आकडे दाखवू लागली. पुढच्याच वर्षी, १ मार्च १९५४ रोजी, प्रशांत महासागरातील बिकिनी येथे अमेरिकेने १५ मेगाटनांचा स्फोट केला आणि त्याच्या राखेने एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जण होरपळले. महिनाभरात पंतप्रधान नेहरूंनी अण्वस्त्र चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव संसदेत मांडला. पाठोपाठ १९५६ मध्ये भारत सरकारने भौतिकशास्त्रज्ञ दौ. सिं. कोठारी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले, अणुस्फोटांच्या परिणामांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. जी माहिती वॉशिंग्टनमध्ये फायलींत बंद राहत होती, तिची उघड चर्चा दिल्लीत होत होती, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

मुख्य चिंता स्ट्रॉन्शियम-९० ची होती. आवर्तसारणीत स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या खाली, त्याच गणात येते. शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते. राख गवतावर पडते, गवत गायीच्या पोटात जाते, गायीचे दूध मुलाच्या पेल्यात येते आणि हाडे-दात घडत असताना हे मूलद्रव्य त्यांत कायमचे बसते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २९ वर्षांचा. ज्या दुधाला अमेरिकी घरांत आरोग्याचे दुसरे नाव मानत, त्याच्याच वाटेने शीतयुद्ध न्याहारीच्या टेबलावर आले.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५३ पासून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या ‘प्रोजेक्ट सनशाइन’ या गुप्त प्रकल्पात जगभरातून माणसांची हाडे मिळवून तपासली जात होती. त्यांत मृत अर्भकांचीही हाडे होती, आणि पुष्कळदा कुटुंबीयांना विचारलेही नव्हते. जनतेला मात्र धोका नगण्य असल्याचे आश्वासन मिळत राहिले.

सेंट लुईसच्या मंडळींनी तोच प्रश्न उघडपणे विचारला. ऑगस्ट १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये हर्मन कॅल्कार या जीवरसायनशास्त्रज्ञाने दुधाच्या दातांची आंतरराष्ट्रीय मोजणी सुचवली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरिक समितीने ती कल्पना उचलली, डॉ. लुईस रीस यांनी मोहीम सांभाळली. युक्ती साधी होती. दुधाच्या दाताचा शिरोभाग गर्भावस्थेपासून जन्मानंतरच्या पहिल्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे फारसा बदलत नाही. सात वर्षांनी पडलेला दात म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या दुधाची नोंद! एका दातातले स्ट्रॉन्शियम मोजण्यास अपुरे पडते, म्हणून एकाच काळात जन्मलेल्या मुलांचे दात एकत्र करून तपासत. हजारो घरांनी दात दिल्यावाचून हे काम झालेच नसते.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘सायन्स’मध्ये पहिले निष्कर्ष आले : १९५० च्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० वर्षागणिक वाढत होते. पुढच्या तपासण्यांत १९६३ मध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण १९५० मधील मुलांच्या सुमारे ५० पट भरले.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे वातावरण, अवकाश आणि पाण्याखालील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला; भारतानेही त्याच महिन्यात सही केली. हा करार दातांनी घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. क्यूबाच्या पेचाने दोन्ही राजधान्या हादरल्या होत्या, आणि भूमिगत चाचण्यांची वाट त्यांनी मोकळीच ठेवली. परंतु सही होण्याच्या दहा दिवस आधी केनेडींनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले, त्यात मुलांच्या हाडांतील कर्करोगाचा उल्लेख आला, हे विसरता येत नाही. फ्रान्स आणि चीन करारात आले नाहीत. तरी पुढच्या वर्षांत दातांतील प्रमाण उतरत गेले.

२००१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला या संग्रहातले सुमारे ८५,००० दात पुन्हा सापडले. ठेवलेले होते ते दुसऱ्या महायुद्धातील दारूगोळ्याच्या एका जुन्या कोठारात. आता हार्वर्डचे संशोधक त्यांतील शिसे आणि अन्य धातू मोजत आहेत. बालपणी शरीरात गेलेल्या धातूंचा उतारवयातील स्मरणशक्तीशी संबंध आहे का, हा त्यांचा प्रश्न. आणि त्यासाठी ते बिल्ला मिळवलेल्या त्या मुलांना, आज सत्तरीच्या आसपास असलेल्यांना, शोधत आहेत.