घर जागेवर, पत्ता गावभर

लोणी काळभोरला आमचे घर आहे म्हटले, की अस्सल पुणेकर आधी विचारतो, ‘‘कुठलं लोणी?’’ प्रश्न रास्त आहे. लोणीकंद, लोणी भापकर, लोणी देवकर अशी या जिल्ह्यात लोण्याची रेलचेल आहे. आमचे लोणी सोलापूर रस्त्यावरचे.

घर आजोबांनी बांधले. दगडी जोते, पुढे ऐसपैस ओटा, मागे परस. ते जागचे तसूभर हललेले नाही. पत्ता मात्र सारखा फिरतीवर. आजोबांना ‘मुक्काम पोस्ट लोणी काळभोर, तालुका हवेली’ एवढे पुरत असे. खडकवासल्याचे धरण 1879 साली पुरे झाले आणि पुढे मुठेचे पाणी कालव्याने आमच्याकडे आले. मग ऊस आला, गुऱ्हाळे आली आणि शहरातल्या पाहुण्यांना आमच्याविषयी एकाएकी प्रेम आले! पत्ता झाला, ‘कालव्याजवळ’.

पुढे खुद्द राज कपूरने इथे राजबाग घेतली. 1978 सालच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चे चित्रीकरण तिथलेच. एका गर्दीच्या दृश्यात आपण आहोत असा आमच्या आत्याचा दावा आहे. स्वतःला शोधण्यासाठी तिने तो चित्रपट सात वेळा पाहिला. शोध अजून चालू आहे. 1988 साली राज कपूर गेले. कालांतराने राजबागेत एमआयटीचे कॉलेज आले, त्याचे विद्यापीठ झाले. आता रिक्षावाल्याला राज कपूर सांगून भागत नाही, एमआयटी म्हणावे लागते.

मुंबईहून जमिनीखालच्या नळाने तेल येऊ लागले, तेव्हा पत्ता ‘तेलाच्या डेपोजवळ’ झाला. तेल नळाने रोज येते. आमच्या नळाला पाणी मात्र दिवसाआड. 2021 साली आमचे पोलीस ठाणे पुणे शहर आयुक्तालयात गेले. त्याच वर्षी महानगरपालिकेने 23 गावे पोटात घेतली, त्यांत आम्ही नव्हतो. म्हणजे चोरी शहरातली, चोरीला गेलेली बादली गावातली!

पण या सगळ्यामुळे जमिनीचे भाव चढले आणि धाकट्या भावाने एक बिल्डर घरी आणला. मी बँकेतला माणूस. वीस वर्षे लोकांची घरे तारण म्हणून तपासतोय. कॉमर्सच्या नियमाने घसारा लावला, तर आमच्या घराची किंमत शून्य आणि खालच्या मातीची कोटींत. भावाचे म्हणणे चूक नाही. त्याच्या दोन मुलींची शिक्षणे व्हायची आहेत.

आईने बिल्डरचे रंगीत पुस्तक शेवटपर्यंत पाहिले. पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती. तिने विचारले, ‘‘ह्यात ओटा कुठंय?’’

कारण पुण्याहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी लोणीला मुक्काम करते. त्या रात्री आमच्या ओट्यावर, माजघरात, जिन्याखाली वारकरी झोपतात. आजोबांच्या वेळेपासून एकाच दिंडीतली माणसे येतात. आता त्यांची नातवंडे येतात. कालवा, राजबाग, तेल, एमआयटी, त्यांना यातले काही सांगावे लागत नाही. ‘ओटेवाल्या माईंचं घर’ हा त्यांचा पत्ता गेल्या पन्नास वर्षांत बदललेला नाही. ही नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे बँकेच्या फॉर्मात छापलेले नसते.

बिल्डर दर उन्हाळ्यात येतो. आई त्याला चहा देते आणि म्हणते, ‘‘यंदाची पालखी होऊ दे, मग बघू.’’

आणि पालखीचे काय, ती दरवर्षी येते.