अंगणांतील हौद आणि बेडकांचें ऋण



मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या कीं अंगणांतील हौदाच्या कांठीं बेडकांचें डरांव डरांव सुरू होतें, आणि लगोलग घरांत प्रश्न निघतो कीं, हा हौद ठेवावा कीं बुजवावा? हा वाद आजचा नव्हे. त्यालाही इतिहास आहे.

बेडकांच्या बाजूचा सर्वांत जुना पुरावा ऋग्वेदाचा. सातव्या मंडलांतील १०३ वें सूक्त मंडूकांनाच वाहिलेलें आहे. त्यांच्या ओरडण्याची तुलना ऋषीनें गुरूमागून पाठ म्हणणाऱ्या शिष्याशीं केली आहे. पर्जन्याचा अग्रदूत म्हणून त्या काळीं या प्राण्याला मान होता.

हौदाविरुद्धचा पुरावा मात्र मुंबईचा आहे. १९११ सालीं डॉ. बेंटले यांचा तेथील हिवतापाविषयींचा अहवाल प्रसिद्ध झाला. विहिरी, टांक्या व कारंजीं हीं डांसांचीं उत्पत्तिस्थानें ठरलीं, आणि पुष्कळ विहिरी झांकण्यांत वा बुजविण्यांत आल्या. पुढें १९२८ सालीं इटलींतून गॅंबूसिया नांवाचा मासा आपल्या देशांत आणला गेला. तो डांसांच्या अळ्या खातो हें खरें; परंतु बेडकांचीं अंडीं व कोंवळे बेडूकमासेही तो सोडीत नाहीं.

दुसरा घाला व्यापारानें घातला. बेडकांच्या तंगड्या परदेशीं धाडण्याचा धंदा इतका वाढला कीं, १९८१ सालीं चार हजार टनांहून अधिक माल बाहेर गेला. १९८५ सालीं आपला मोठा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादींत आला, आणि १९८७ सालीं भारत सरकारनें ही निर्यातच बंद केली. शेतांतील किड्यांचा हा भक्षक कमी होत आहे, ही चिंता त्यामागें होती.

तेव्हां गृहस्थानें करावें काय? केवळ बेडकांच्या भरंवशावर डांस नाहींसे होतील असें मानूं नये, कारण बेडूकमासा बहुधा शेवाळावरच जगतो. हौदांतील अळ्या बारीक जाळीनें काढाव्या व जाळींत आलेले बेडूकमासे परत सोडावे. घरांतील डबे, पिंपें व कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यांतून एकदां कोरड्या कराव्या. हौदांत मासे सोडूं नयेत. कांठाशीं दोन-चार दगड रचावे, म्हणजे पाय फुटलेल्या पिलांना बाहेर येतां येईल.

इतकें केल्यास आरोग्य राखतां येईल आणि हौदही राहील. ज्या प्राण्याला ऋषीनें एक सूक्त वाहिलें, त्याला आपण अंगणाचा एक कोपरा द्यावा, हें मागणें फार नव्हे.