एकविसावा रकाना

१४२ दिवस आधी – २८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सरची ७.११ आवृत्ती बाहेर पडते. विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसून हल्लेखोरांवर पाळत ठेवणारा हा प्रोग्रॅम. नव्या नियमांच्या साच्यात २१ रकाने. सेन्सरचा कोड मात्र २०च मूल्ये पुरवतो. ही तफावत कुणाच्याच नजरेत येत नाही.

१३६ दिवस आधी – ५ मार्च. चाचणी उत्तीर्ण. होणारच होती! एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, म्हणून तिथले मूल्य वाचायची वेळच आली नाही. एप्रिलमध्ये आणखी तीन नियम गेले, तेही तसेच. खरा धोका मला याच सुखरूप दिवसांत दिसतो.

१९ जुलै, शुक्रवार, भारतीय वेळ सकाळी ९:३९. दोन नवे नियम. त्यातला एक एकविसावे मूल्य खरोखर मागतो. नियम पडताळणाऱ्या प्रोग्रॅमने २१ मूल्ये मिळतील असे गृहीतच धरलेले. हे नियम असलेली फाईल क्रमांक २९१ टप्प्याटप्प्याने नाही, एकदम जगभर जाते. सेन्सर विसाच्या यादीबाहेरची मेमरी वाचायला जातो. साधे ॲप असते तर तेवढेच बंद पडले असते. कर्नलमध्ये अख्खे विंडोज कोसळते. पुन्हा सुरू करावे, तर पुन्हा निळा पडदा.

१०:५७. फाईल मागे घेतली. मधली ७८ मिनिटे सुमारे ८५ लाख संगणकांना पुरली. आता माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन सेफ मोडमध्ये ती फाईल पुसायची. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली शोधायची.

दुपार, लोहगाव. पुणे विमानतळाचे नवे टर्मिनल सुरू होऊन जेमतेम पाच दिवस झालेले. चेक-इन रखडले. देशात ठिकठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहिले जात होते. इंडिगोने सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर सेवेतही त्याच पहाटे वेगळा बिघाड झाला होता, त्यामुळे खोळंबा नेमका कुणामुळे, हे रांगेतल्या प्रवाशाला कोण सांगणार?

२५ जुलै. दुरुस्ती. मागितलेला क्रमांक पुरवलेल्या मूल्यांच्या संख्येत बसतो का, हे सेन्सर आता वाचण्याआधी पाहतो. अशी दुरुस्ती तपासायला आली, तर मी आधी हेच शोधेन. नुसते २०चे २१ केले असते, तर शुक्रवारचा नियम चालला असता. बाविसाव्या रकान्याला सेन्सर पुन्हा कोसळला असता.