कोठ्यातली जीप आणि कुर्ल्याची डॉज



मागच्या उन्हाळ्यात राळेगाव तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. बचतीचा हिशेब बाजूला राहिला आणि दीड तास एका मोडक्या जीपवरच बोलणं चाललं. गटातल्या एका ताईंचे मालक महिन्याभरापूर्वी वारले होते. त्यांची जुनी जीप बैलांच्या कोठ्यात उभी होती. टपावर पऱ्हाट्या रचलेल्या, मागच्या सीटखाली कोंबडी खुडूक बसलेली. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. तो तिला गाडी म्हणतच नव्हता, किलोच्या भावात बोलत होता. तीस हजारांच्या आसपास देतो म्हणे.

ताईंचं म्हणणं एकच होतं, "गटानं कर्ज द्या जी, मी हे दुरुस्त करतो."

मी समन्वयक. मी आधी नाहीच म्हटलं. शेळीला कर्ज देता येतं, शिलाई मशीनला देता येतं. गंजलेल्या पत्र्याला कसं देणार? पण नाही म्हणताना लक्षात आलं की या गाडीबद्दल मला काहीच माहीत नाही. मग वाचायला बसले. बी.ए.ला इतिहास होता, पण त्यात राजे होते, गाड्या नव्हत्या.

जुनी गाडी घरच्या शेडमध्ये उभी करून स्वतः खोलायची, जोडायची, हा अमेरिकेतला मोठा छंद आहे. तिथं १९६४ च्या सुमारास 'मसल कार' नावाचा प्रकार आला. मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं. आपल्या जीपला चार सिलिंडर असतात, यावरून अंदाज करा. पॉन्टियाक जीटीओ, प्लिमथ बाराकुडा, डॉज चार्जर अशी त्यांची नावं. पेट्रोल स्वस्त होतं तोवर हे चाललं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, धुराचे नियम आणि विम्याचे दर आधीच कडक झाले होते, आणि त्या गाड्या कोपऱ्यात गेल्या. पुढं तीच पोरं मोठी झाली आणि त्याच गाड्या शोधून दुरुस्त करायला लागली. त्यांच्यात दोन पंथ आहेत. एकाला कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी, बोल्टसुद्धा त्या काळचा. दुसऱ्याला आपल्या आवडीची हवी, रुंद टायर, नवा रंग, वेगळं इंजिन.

आता तुम्ही म्हणाल, डॉज आणि प्लिमथ यांचा आपला काय संबंध? मलाही तसंच वाटलं होतं. पण या दोन्ही नावांच्या गाड्या मुंबईत कुर्ल्याला जोडल्या जात होत्या! सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी निघाली. पुढं त्याच कंपनीनं इटलीच्या फियाटशी हात मिळवला आणि त्या गाडीचं नाव १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झालं. गाडीला बाईचं नाव, चालवणारे मात्र बहुतेक पुरुषच.

त्या काळात नवी गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. किती गाड्या बनवायच्या तेसुद्धा सरकारच्या परवान्यावर ठरे. म्हणून आपल्याकडं जुनी गाडी जपणं हा छंद नव्हता, गरज होती. लेथवाला, वेल्डर, टपरीतला मिस्तरी, हे सगळे त्या गरजेतून तयार झाले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळं ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या, तोवर त्यांना याच हातांनी चालवलं.

आणि जीप? ती तर लढाईतून आलेली. अमेरिकेच्या विलीज कंपनीनं १९४१ पासून सैन्यासाठी ती बनवली. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायचं काम त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. १९४८ मधलीच दुसरी गोष्ट ऐका. काश्मीरच्या लढाईसाठी सरकारनं परदेशातून दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मागवल्या. करार ८० लाखांचा. १५५ जीप बंदरात उतरल्या आणि त्या वापरण्याजोग्याच नव्हत्या. संसदेत मोठं वादळ झालं. वरून रंग मारलेली गाडी पाहून पैसे देऊ नयेत, हे सरकारलाही तेव्हा महागात शिकावं लागलं.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. एक मावशी म्हणाल्या, "पण बाईनं कायले त्या तेलात हात घालायचे?" तेव्हा मी बर्था बेंझची गोष्ट सांगितली. १८८८ मध्ये ही जर्मन बाई नवऱ्यानं बनवलेली गाडी त्याला न सांगता घेऊन निघाली. सोबत दोन मुलं. माहेरची वाट शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजला, तर चांभाराकडून त्याला चामडं लावून घेतलं. मावशी हसल्या. "माहेराले जायचं म्हटलं का बाई कायबी करते."

कर्ज मंजूर झालं, चाळीस हजार. वडकीच्या रस्त्यावरच्या मिस्तरीनं काम घेतलं, पण अट घातली की गाडी कोठ्यातच खोलायची आणि ताईंनी रोज हजर राहायचं. त्यानं पहिल्या दिवशी चावी फिरवूच दिली नाही. "वहिनी, आधी थांबणं, मग पळणं." म्हणून आधी ब्रेक. चाकांचे सिलिंडर गंजून चिकटले होते, ते बदलले. टाकीतलं जुनं डिझेल काढलं तर तळाला गंजाचा चिखल. इंजिन जाम होतं. इंजेक्टर काढून त्या भोकांतून तेल सोडलं, चार दिवस मुरू दिलं आणि मग हातानं हळूहळू फिरवलं. पाचव्या दिवशी फिरलं. पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या, हेड लेथवर पाठवलं.

ताईंनी निघालेला प्रत्येक बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत चिठ्ठी घालून ठेवला. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो. पायाखालचा पत्रा सडला होता. एका कारागिरानं सांगितलं, लांबी भरून रंग मारतो, कळणार नाही. ताईंनी नकार दिला. गंजावर लांबी भरली तर एक पावसाळाच टिकते, हे त्या मिस्तरीकडून शिकल्या होत्या. सडका तुकडा कापून नवा वेल्ड केला, वर रेड ऑक्साइड. घासायला आम्ही सगळ्या पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो. अंदाज चाळीसचा, खर्च गेला पासष्टवर. वरचे पैसे ताईंनी कापूस विकून घातले. हे मला तेव्हा आवडलं नव्हतं, आजही नाही. अंदाज घेताना मी दुसऱ्या मिस्तरीला विचारायला हवं होतं.

मग ताईंच्या डोक्यात आलं, गाडी मागून लांबवू, दहा माणसं बसतील. इथं मात्र कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. रंग बदलला तरी पुस्तकात नोंद लागते, आणि भाड्यानं माणसं न्यायला परवाना वेगळा. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तिथल्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली होती, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्र यांनी पाहिला. कौतुक केलं, पण नियमात बसत नाही म्हणून अधिकारी ती कधीतरी अडवतील असंही लिहिलं, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या घरी आली. आपल्या सगळ्यांच्या दारात काही महिंद्र येणार नाहीत. तेव्हा जीपची लांबी आहे तेवढीच ठेवली.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असती तर २०२१ च्या नियमानं 'व्हिंटेज' म्हणून तिची वेगळी नोंद झाली असती, पण मग ती धंद्याला चालत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट इंजिन नव्हती, नाव होतं. पुस्तक मालकांच्या नावावर. मालक वारले तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला लागतो, बाकी वारसांची संमती मागतात. मुदत उलटली तर दंड. ताईंचे दीर सही द्यायला तयार नव्हते. गाडी कोठ्यात सडत होती तेव्हा कोणी विचारत नव्हतं. इंजिनाचा आवाज ऐकला आणि घरात वाटणी निघाली. गटातल्या आठ जणी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. चहा तीनदा झाला. संध्याकाळी सही झाली. मुदत संपायला सहा दिवस होते.

यवतमाळला जायच्या आदल्या रात्री ताईंनी चॅसिसवरचा नंबर पुसून घेतला, त्यावर कागद ठेवला आणि मुलाच्या पेन्सिलीनं घासला. अक्षरं एकेक करून उमटली. तो कागद त्यांनी फॉर्मला टाचला, आणि फॉर्मवर 'अर्जदार' लिहिलं होतं तिथं आपलं पूर्ण नाव लिहिलं.