व्हिडिओ गेम पार्लर : परवाना करमणुकीचा, खेळ जुगाराचा

अर्धवट ओढलेले शटर, काचेला चिकटवलेला काळा कागद आणि वर 'व्हिडिओ गेम' अशी पाटी. राज्यातील कोणत्याही मोठ्या शहरातील माणसाला हे दृश्य नवे नाही. पाटी वाचून आत मुले मोटारींची शर्यत खेळत असतील, असे वाटते. प्रत्यक्षात अशा अनेक ठिकाणी आत बसलेली असतात ती मिळवती, संसारी माणसे. गल्ल्यावर रोख रक्कम द्यायची, तेथील माणूस किल्ली फिरवून यंत्रात तेवढे 'पॉइंट' भरणार, बटण दाबले की चित्रांची किंवा आकड्यांची चाके फिरणार आणि निघताना उरलेले पॉइंट पुन्हा रोखीत बदलून घ्यायचे, अशी ही पद्धत. कागदोपत्री हे सारे 'करमणूक' या सदरात मोडते. खरा जुगार घडतो तो पॉइंटचे पैसे होतात तेव्हा, आणि त्या देवघेवीची नोंद कोठेच राहत नाही.

नाशिक जिल्ह्याला या प्रश्नाचे आणखी एक रूप अलीकडच्या वर्षांत पाहावे लागले. २०२१च्या सुमारास 'रोलेट' हा शब्द जिल्ह्यातील गुन्हेवृत्तांत वारंवार येऊ लागला. येथे यंत्राची पेटीही लागत नाही. संगणक किंवा मोबाइल, एक आयडी आणि पैसे वसूल करणारा माणूस एवढ्यावर काम भागते. सोरट, तिरट, मटका हे जुने प्रकार पोलिसांच्या परिचयाचे होते. मटक्याचा 'ओपन' आणि 'क्लोज' यांच्यामध्ये काही तास जात. त्या वेळात माणसाला घरी जाता येत असे, विचार करता येत असे. यंत्रावरचा डाव काही सेकंदांत संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो. यंत्रजुगाराची हानी मुख्यतः या वेगात आहे. आपल्या कायद्यात या वेगाचे मोजमाप मात्र कोठेच आढळत नाही.

कायदा १८८७चा

जुगार हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतील विषय आहे. महाराष्ट्रात आजही आधार घेतला जातो तो १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाचा. (२०१२पासून त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले, एवढाच फरक.) या कायद्याची सारी नजर जागेवर आहे. जुगाराचा अड्डा कोणता, तो चालवतो कोण, तेथे कोण सापडले, जुगाराचे साहित्य कोणते, हे प्रश्न तो विचारतो. अड्डा चालवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; पहिल्या गुन्ह्यास, न्यायालयाने विशेष कारण नोंदवले नाही तर, किमान तीन महिने कारावास आणि किमान ५०० रुपये दंड आहे. पाचशे रुपये! आज ही रक्कम एका यंत्रावर किती मिनिटांत उडते, हे वेगळे सांगायला नको.

याच कायद्याच्या कलम १३ने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली आहे आणि पळवाट शोधणाऱ्यांनी आजवर तिचाच आश्रय घेतला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले. पुढे व्हिडिओ गेमच्या चालकांनीही 'आमचा खेळ हात आणि डोळे यांच्या कौशल्याचा' असा युक्तिवाद केला. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला नाही. ज्या यंत्रावर दैवाचा भाग मोठा आहे किंवा दैव आणि कौशल्य यांची सरमिसळ आहे, तेथे परवाना सक्तीचा करण्याचा आणि अटी घालण्याचा अधिकार शासनाला आहे, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. तेव्हा अधिकार नाही, ही सबब राज्यांना उरलेली नाही. प्रश्न तो वापरण्याचा आहे.

परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?

सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे नियम महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३खाली होतात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार आयुक्तांकडे, तर उर्वरित जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. त्यामुळे आडगावचे पार्लर एका कार्यालयाकडे आणि त्याच महामार्गावर काही किलोमीटर पुढे असलेल्या ओझरचे दुसऱ्या कार्यालयाकडे, अशी विभागणी होते. कराचे खाते पुन्हा निराळे. १९२३च्या करमणूक शुल्क कायद्यानुसार व्हिडिओ गेमवर दर यंत्रामागे शुल्क आकारले जाई आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा गोळा करी. जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि ही घडीही बदलली. एक हात कर घेतो, दुसरा परवाना देतो आणि तिसरा छापा घालतो. या तिघांनी एकत्र बसून शहरात नेमकी किती यंत्रे आहेत आणि ती कोणता खेळ चालवतात, याची यादी लोकांपुढे ठेवणे ही पहिली सुधारणा ठरावी. तिला नवा कायदाही लागत नाही.

शासन स्वतःच या व्यवसायात आहे, ही गोष्टही डोळ्यांआड करता येत नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९मध्ये सुरू झाली, ती लोकांना मटक्यापासून परावृत्त करण्याचा हेतू सांगत. १९९८च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एकेरी आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई केली आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकच सोडत ठरवून दिली. परंतु योजनांची नावे बदलून रोज सोडती काढता येतात! २००० नंतरच्या दशकात ऑनलाइन लॉटरीची केंद्रे गल्लोगल्ली उघडली. 'परराज्यांच्या लॉटऱ्या बंद करा' ही मागणी तेव्हापासून होत आली आहे. मात्र १९९९च्या बी. आर. एंटरप्रायझेस निकालानुसार जे राज्य स्वतःची लॉटरी चालवते, त्याला इतर राज्यांच्या लॉटरीवर बंदी घालता येत नाही. तमिळनाडूने २००३मध्ये आणि कर्नाटकाने २००७मध्ये लॉटरी पूर्णपणे बंद केली, महाराष्ट्राने केली नाही. कॅसिनोबाबत मात्र राज्याने अखेर भूमिका घेतली. १९७६चा कॅसिनो कायदा संमत होऊनही कधी अमलात आला नव्हता. तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३मध्ये घेतला.

गोव्याचा मार्ग

शेजारच्या गोव्याने उलटी दिशा धरली. तेथील १९७६च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना परवानगी मिळाली. १९९६मध्ये जहाजांवरील टेबलांचा खेळही त्यात आला. मांडवीतील जहाजे हा पुढे गोव्याच्या राजकारणातला कायमचा वादविषय झाला. लोकांच्या रोषाला उत्तर म्हणून २०१२मध्ये गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आणि गेमिंग आयुक्त या तरतुदी झाल्या. प्रत्यक्ष बंदी जाहीर होण्यास १ फेब्रुवारी २०२० उजाडला. या तोडग्यात स्थानिकांचे रक्षण आहे, पण परगावच्या खिशाला मोकळीक आहे. आणि त्या परगावच्या गर्दीत नाशिक, पुण्याचीही मंडळी असतात.

वेग आणि रक्कम मोजणारे कायदे

ज्या देशांत ही यंत्रे कायदेशीर आहेत, तेथे सुधारणांचा भर यंत्राच्या रचनेवर गेला आहे. ब्रिटनमधील बेटिंगच्या दुकानांतील यंत्रांवर दर वीस सेकंदांना शंभर पौंडांपर्यंत डाव लावता येत असे. नगरपालिका, चर्च, व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते यांनी अनेक वर्षे मोहीम चालवली. अंमलबजावणी लांबणीवर पडते आहे, हे पाहून क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर २०१८मध्ये राजीनामा दिला. शासनाला माघार घ्यावी लागली आणि १ एप्रिल २०१९पासून डावाची कमाल मर्यादा दोन पौंडांवर आली. नॉर्वेने त्याहून धाडसी पाऊल उचलले. २००७च्या जुलैपासून देशातील सर्व खासगी स्लॉट मशिन हटवली गेली. त्यांच्या जागी सरकारी कंपनीने जी यंत्रे आणली, त्यांवर वैयक्तिक कार्डाशिवाय खेळता येत नाही, आणि दिवसाला व महिन्याला किती हरता येईल याची मर्यादा यंत्रच पाळते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव मात्र निराशाजनक आहे. तेथील उत्पादकता आयोगाने २०१०च्या अहवालात यंत्रांवर होणाऱ्या एकूण खर्चापैकी सुमारे ४० टक्के खर्च व्यसनाधीन खेळाडूंचा असल्याचा अंदाज मांडला आणि डावावर एक डॉलरची मर्यादा सुचवली. त्याच वर्षी अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांनी, खेळाडूने किती हरायचे हे आधीच ठरवून ठेवण्याची सक्ती व्हावी या अटीवर ज्युलिया गिलार्ड यांच्या अल्पमतातील सरकारला पाठिंबा दिला. क्लबचालकांनी प्रचाराचे रान उठवले आणि जानेवारी २०१२मध्ये सरकारने शब्द फिरवला. यंत्रांच्या उत्पन्नावर ज्यांची घरे चालतात ते संघटित असतात. यंत्रांमुळे ज्यांची घरे मोडतात ते विखुरलेले असतात.

दारूसाठी मतदान, पार्लरसाठी?

विखुरलेल्यांना एकत्र आणण्याची एक पद्धत महाराष्ट्राने स्वतः घडवली आहे, ती दारूबाबत. २००८च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडल्यास दुकान बंद होते. ही लढाई सोपी नसते, त्रुटीही पुष्कळ आहेत. पण परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याखेरीज त्या वस्तीतील बाईलाही काही म्हणायचे आहे, हे त्या आदेशाने मान्य केले. गेम पार्लरच्या बाबतीत अशी मतदानाची सोय नाही. कलम ३३खालील नियमांत ती आणणे, परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी प्रभागातील हरकती मागवणे, शाळेपासूनचे अंतर आणि बंद करण्याची वेळ काटेकोर ठरवणे, हे प्रस्तुत लेखकास ५०० रुपयांच्या दंडाचे पाच हजार करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

२०२५चा केंद्रीय कायदा

मोबाइलवरील जुगाराबाबत दिल्लीने पुढाकार घेतला, तो अनेक घडामोडींनंतर. जुलै २०२५मध्ये सिन्नरचे आमदार व तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर विधान परिषदेत रमीचा खेळ दिसत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा त्यांनी केला; काही दिवसांतच कृषी खाते त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा दैवाचा, या कायद्याने निषिद्ध ठरवला. असा खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. विशेष म्हणजे केवळ खेळणाऱ्याला यात गुन्हेगार मानलेले नाही.

आयडी देऊन चालणारे रोलेट या कायद्याच्या कक्षेत येते. इंटरनेटशी न जोडलेली पेटी मात्र अजून १८८७च्याच कायद्याकडे आहे. टोळीने चालवलेल्या अनधिकृत जुगारासाठी जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ११२ उपलब्ध आहे आणि त्यात एक ते सात वर्षांची शिक्षा आहे.

ज्यांच्या घरात हा प्रश्न आजच उभा आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जुगाराची आसक्ती हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील आजार असून त्यावर उपचार होतात. 'टेलिमानस' या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. दुसरे असे, की आपल्या भागातील कोणत्या पार्लरला परवाना आहे, किती यंत्रांचा आहे आणि कोणत्या अटींवर आहे, हे २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करावा, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. शुल्क दहा रुपये.