ई-बुक, टेम्प्लेट, ऑनलाइन कोर्स विकून मिळालेली कमाई हलाल की हराम?

लग्नपत्रिकेचे टेम्प्लेट, फोटोचे प्रीसेट, परीक्षेच्या पीडीएफ नोट्स, रेकॉर्ड केलेला कोर्स. एकदा बनवायचे आणि हजार वेळा विकायचे. ही कमाई इस्लामी नियमांत बसते का? आजच्या बहुतेक विद्वानांचे उत्तर 'बसते' असे आहे. मात्र काय विकले आणि कसे विकले, यावर बरेच काही ठरते.

इस्लामी न्यायशास्त्राचा, म्हणजे फिक्हचा, मूळ कल व्यापाराच्या बाजूने आहे. उपासनेत आधाराशिवाय नवे काही चालत नाही. व्यवहारात याच्या उलट आहे : मनाई सिद्ध होईपर्यंत सौदा वैध धरला जातो. ही मनाई मुख्यतः व्याज (रिबा), जुगार (मैसिर), फसवणूक आणि अंधारातला सौदा (गरर) यांना आहे.

फाइल हा 'माल' आहे का?

खरी अडचण इथे होती. जुन्या हनफी ग्रंथांत माल म्हणजे साठवून ठेवता येईल अशी प्रत्यक्ष वस्तू. नुसता हक्क किंवा उपयोग माल ठरत नसे. त्यामुळे उपखंडातल्या काही जुन्या उलेमांना पुस्तकाचा कॉपीराइट विकणेही मान्य नव्हते. शाफई, मालिकी आणि हंबली पंथांत मात्र उपयोगालाही मालाचा दर्जा आहे. महाराष्ट्रात बहुसंख्य मुस्लिम हनफी, तर कोकणी मुस्लिम शाफई आहेत. म्हणजे हा फरक इथे निव्वळ पुस्तकी नाही.

1988 साली आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला : लेखन, शोध, व्यापारचिन्ह यांवरील हक्कांना आर्थिक मूल्य आहे, ते विकता येतात आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. मुफ्ती तकी उस्मानी यांच्यासारख्या हनफी विद्वानांनीही हीच बाजू घेतली. पुढे 1990 मध्ये जेद्दाच्या अधिवेशनात समोरासमोर न येता, दूरसंपर्क साधनांवरून केलेले करारही मान्य झाले. निकाह आणि चलनांची अदलाबदल असे काही अपवाद तेवढे ठेवले गेले.

या ठरावाची दुसरी बाजू अनेकांना अडचणीची वाटेल. फाइल हा माल असेल, तर ती चोरताही येते. हजारो रुपयांचे कोर्स टेलिग्रामवर 99 रुपयांत विकणाऱ्याची कमाई या दृष्टीने दुसऱ्याच्या मालाची आहे. 'रिसेल राइट्स' घेऊन विकणे चालते, पण तो हक्क मूळ मालकाने खरोखर दिलेला असला पाहिजे. घेतलेल्या पॅकमध्येच उचललेला मजकूर असेल, तर विकत घेतल्याने तो शुद्ध होत नाही.

धान्याचा ढीग आणि सेल्स पेज

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगताच, मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले. ऑनलाइन विक्रीला हे तंतोतंत लागू पडते. नमुन्याला दोन उत्तम पाने आणि आत इंटरनेटवर फुकट मिळणारा मजकूर, खोटे रिव्ह्यू, दर तासाला पुन्हा सुरू होणारी 'शेवटची संधी' : हे सगळे ओले धान्यच. कोर्समध्ये किती धडे, कोणत्या भाषेत, किती दिवस पाहता येणार, हे आधी स्पष्ट नसेल तर गररचा प्रश्न येतो.

वस्तू कशासाठी वापरली जाणार, हेही पाहिले जाते. सट्ट्याच्या टिप्स किंवा अश्लील चित्रे विकणे निषिद्ध आहे. पैसे भरून नशिबाने काय निघेल ते घ्यायचे, असे गेममधले 'लूट बॉक्स' अनेक विद्वानांना जुगारासारखे वाटतात. सजीवांची डिजिटल चित्रे आणि वाद्यसंगीत यांवर मात्र एकमत नाही. इथे आपापल्या मुफ्तींना विचारण्याखेरीज सरसकट उत्तर नाही.

हप्त्यांसाठी किंमत जास्त ठेवता येते, पण ती सौद्याच्या वेळीच पक्की व्हावी. हप्ता चुकला म्हणून रक्कम वाढवली, तर ते व्याज ठरते.

राहिली जकात. शिल्लक बचत निसाबइतकी असेल आणि चांद्र वर्ष उलटले, तर तिच्यावर अडीच टक्के द्यावे लागतात. भारतात निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगतात. हा तोळा जुना, 11.66 ग्रॅमचा आहे; सराफाच्या 10 ग्रॅमच्या तोळ्याने मोजले तर हिशेब चुकतो.